दुष्काळातील आशा : ‘यमुनापर्यटन’ ते केडगाव

निराशेचा राक्षस मराठी गद्यात आला तो १८४१ मध्ये. त्या वर्षी हरि केशवजी यांनी जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे ‘यात्रिकक्रमण’ या नावाने भाषांतर केले. त्या रूपककथेत वाट चुकलेले दोन यात्रेकरू या राक्षसाच्या संशयनामक किल्ल्यात कोंडले जातात. तो त्यांना मारतो, उपाशी ठेवतो आणि शेवटी तुम्ही स्वतःच स्वतःचा जीव घ्यावा हे बरे, असा सल्लाही देतो. मग एका यात्रेकरूला अचानक आठवते, की आपल्याच उराशी एक किल्ली आहे. तिचे नाव वचन. ती किल्ल्याच्या प्रत्येक कुलपाला लागते आणि दोघे बाहेर पडतात.

रूपक म्हणजे काय हे सांगताना हा प्रसंग आम्ही अनेक वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. एकदा आमच्यापैकी एकाच्या तासाला मागच्या बाकावरील विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण ज्याच्याजवळ किल्लीच नाही, त्याने काय करायचे?” त्या दिवशी उत्तर देता आले नाही. बन्यनच्या यात्रेकरूला वचन आधीच मिळालेले होते, त्याला केवळ त्याचे विस्मरण झाले होते. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील हताश माणसांपुढे जी ख्रिस्ती आशा ठेवली गेली, ती ज्यांच्यापुढे ठेवली गेली त्यांच्या उराशी असे काहीच नव्हते. ती आशा त्यांच्यापर्यंत पोहोचली तरी कशी, आणि पोहोचताना तिचे स्वरूप कसे पालटले, हा येथे आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

आरंभ अर्थातच बाबा पदमनजींपासून करावा लागतो. बेळगावचे पदमनजी (१८३१-१९०६) १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला आणि १८५७ मध्ये त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. ही मराठीतील पहिली कादंबरी की नव्हे, या वादात येथे पडण्याचे कारण नाही. मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात, आणि प्रत्येक भेटीत एक नवी दुःखकथा उलगडते. पुढे विनायकाचा मृत्यू होतो आणि जिने इतक्या विधवांच्या कहाण्या ऐकल्या, ती स्वतःच विधवा होते. अखेर ती उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुनर्विवाह करते.

हे पुस्तक पुन्हा वाचताना एक गोष्ट जाणवते. विधवांचे दुःख जेथे बोलते तेथे पदमनजींचे गद्य जिवंत आहे. केशवपन, घरातील टोमणे, अंधाऱ्या खोल्या, सासरमाहेरच्या माणसांचे डाव हे सारे त्यांनी कान देऊन ऐकलेले दिसते. पण या दुःखावरील उपायाचा विषय निघाला की वाक्ये ताठ होतात आणि संवादाची जागा वादविवाद घेतो. निराशेला येथे चेहरा आहे, आशेला मात्र केवळ मुद्दे आहेत. पदमनजींच्या ऐतिहासिक थोरवीला यामुळे बाध येत नाही, कारण विधवांच्या दुःखाला गद्य कथेचा विषय करण्याचे धाडस त्यांनी त्या काळी केले. तरीही त्यांची आशा ही वाचकाला पटवून द्यावयाची गोष्ट होती, आणि पटण्यासाठी वाचक आधी वाचता येणारा, विचार करण्याइतका निवांत आणि पोटभर जेवलेला असावा लागतो.

‘यमुनापर्यटन’ निघाले त्याच्या पुढच्या वर्षी, २३ एप्रिल १८५८ रोजी, सह्याद्रीतील गंगामूळ येथील रानात अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिच्याकडे पंडिता रमाबाई म्हणून आपण ज्या वाटेने जातो, ती बहुधा विद्वत्तेची किंवा स्त्रीमुक्तीची वाट असते. ती योग्यच आहे. येथे मात्र भुकेच्या वाटेने जावयाचे आहे. रमाबाईंची १८९७ मधील दुष्काळाविषयीची इंग्रजी पुस्तिका आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची साक्ष ही दोन लेखने शेजारी ठेवून वाचली, की हीच वाट अधिक मुळापर्यंत जाते असे आम्हांला वाटते.

अनंतशास्त्री तीर्थाटन करीत आणि देवळांतून पुराणे सांगून कुटुंबाचे पोट भरीत. पत्नी लक्ष्मीबाई आणि पुढे रमाबाई यांना त्यांनी संस्कृत शिकवले, हे सर्वश्रुत आहे. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाजवळ पुराणांखेरीज काही उरले नाही. होते ते द्रव्य दानधर्मात व देवकार्यात खर्च झाले होते. अंगमेहनतीचे काम कोणाला येत नव्हते, आणि भीक मागणे कुलाला शोभणारे नव्हते. कुटुंब रानात शिरले आणि झाडपाला खाऊन राहू लागले. वडिलांनी पवित्र तीर्थात जलसमाधी घेण्याचा निश्चय केला आणि एकेकाचा निरोपही घेतला. सर्वांत धाकट्या रमेला जवळ घेऊन त्यांनी सांगितले, की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याचीच राहा आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. मग थोरल्या भावाने, श्रीनिवासाने, जातीचा अभिमान सोडून मिळेल ते काम करण्याची तयारी दाखवली, तेव्हा जलसमाधीचा बेत राहिला. परंतु उपासमारीने खंगलेले वडील फार जगले नाहीत. त्यांच्यामागोमाग काही आठवड्यांत आई गेली आणि पुढे काही महिन्यांत बहीणही.

आईच्या मृत्यूचा प्रसंग रमाबाईंनी अगदी थोडक्यात सांगितला आहे. स्मशान तीन मैलांवर होते. प्रेत उचलायला माणसे मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली आणि त्यांच्यासह ही दोन भावंडे मिळून चौघांनी तिरडी उचलली. रमाबाई ठेंगण्या असल्याने त्यांचा खांदा दांडीला पोहोचेना, म्हणून त्यांनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. एवढेच त्या सांगतात आणि पुढे जातात. या वाक्यांपाशी आम्ही नेहमी थांबतो. विलाप नाही, विशेषणे नाहीत, आणि नंतर लाभलेल्या श्रद्धेचा प्रकाश मागे फिरवून त्या स्मशानावर पाडण्याचा प्रयत्नही नाही.

पुढे ही भावंडे हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलम नदीकाठी थंडीपासून बचावासाठी त्यांनी थडग्यासारखे खड्डे खणले आणि केवळ डोकी बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. जिवंतपणी आपली कबर आपण खणून तीत ऊब शोधणारी ही मुलगी १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली, आणि तेथील पंडितांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

ख्रिस्ती माणसांशी त्यांची गाठ पडली ती कलकत्त्यात, आणि तिची हकीकत गमतीची आहे. एका मेळाव्यात मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागली, तेव्हा हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करीत आहेत असे या भावंडांना वाटले. तेथे त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. त्याची भाषा त्यांना परिचित असलेल्या संस्कृत वाङ्मयाहून इतकी निराळी होती, की ते वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय असा त्यांचा ग्रह झाला. उभ्या हिंदुस्थानात त्या ग्रंथाला याहून अधिक सिद्ध वाचक क्वचितच मिळाले असते! तरी तो ग्रंथ त्यांच्याशी बोलला नाही, तो भाषेमुळे. हा अनुभव रमाबाई विसरल्या नाहीत, हे पुढे दिसेल.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला. विधवा झाल्या तेव्हा रमाबाईंना चोविसावे वर्ष चालू होते. पदमनजींची यमुना आता पुस्तकाबाहेर होती. सिल्चरला असताना बंगालीतील लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती आले होते आणि ते त्यांना आवडलेही होते. पण त्याने धर्मांतर घडले नाही.

धर्मांतर घडले इंग्लंडमध्ये, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथे. त्याच्या थोडेच आधी त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच विष घेऊन जीवन संपवले होते. त्यामागील कारणांविषयी तर्क पुष्कळ झाले आहेत, त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाही. परक्या मुलुखात, मांडीवर दोन वर्षांची मुलगी आणि डोळ्यांपुढे सोबतिणीचा असा अंत, एवढी परिस्थिती मात्र बाप्तिस्म्याचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाही.

प्रत्यक्ष कलाटणी कशाने मिळाली, हे रमाबाईंनी साक्षीत स्वच्छ सांगितले आहे. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथील एका आश्रमात नेले. समाज ज्यांना पतित म्हणतो अशा स्त्रियांना तेथे सांभाळले जात होते आणि त्यांतील कित्येक सावरून आता स्वतः इतरांची शुश्रूषा करीत होत्या. अशा स्त्रियांविषयी कणव रमाबाईंनी स्वदेशातील शास्त्रांत वा आचारात पाहिली नव्हती. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. त्यात विहिरीवर पाण्याला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्त बोलतो. ती परजातीची, यहुद्यांनी जिच्या भांड्यातले पाणी पिऊ नये अशी, शिवाय पाच नवरे झालेली. ख्रिस्त तिच्याजवळच पाणी मागतो. ज्या देशात पाणवठ्यावरून माणसाची जात ठरते, त्या देशातून आलेल्या बाईला या कथेचे भाष्य कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

क्रम नीट लक्षात घ्यावा. आधी फुलमच्या बायका, मग कथा, आणि त्यानंतर बुद्धीची खात्री. ती खात्री नीलकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या, गोऱ्हे यांच्या ग्रंथाने पटवली असे त्या सांगतात. पदमनजींच्या कादंबरीत युक्तिवाद पुढे आणि जीवन त्याला पुरावा म्हणून मागे होते. येथे तो क्रम उलटला आहे. एवढेच नव्हे, तर बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंनी असेही कबूल केले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. नवदीक्षितांच्या साक्षींत असे विधान दुर्मीळ आहे. निराशा संपल्याची ग्वाही देण्याच्या घाईत त्या कधीच नव्हत्या.

मिळालेली आशा कोणाच्या मुठीत राहू द्यायलाही त्या तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार या दृष्टीने अवश्य वाचावा. क्रुसावर लॅटिन शब्द का? कोरायचेच तर संस्कृत कोरा, ती माझ्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा आहे, असे त्या सुनावतात. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपमंडळींचे मत पडले, तेव्हा ते त्यांना मुळीच रुचले नाही. त्यांचे अंडी न खाणेसुद्धा जेराल्डिनबाईंना अहंकार वाटे. इकडे पुण्यात धर्मांतराने काहूर उठले होते. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ मधील ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचे ठरले होते. रमाबाईंनी आपल्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी लावून घेतले नाही, आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उघड्या दाराचा हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दार लावणे हे रमाबाईंना ढोंग वाटले असते. परंतु ज्या बालविधवेला जगात दुसरे घरच नाही, तिला आश्रयदात्या बाईच्या उघड्या दारातून आत जाणे वा न जाणे कितपत मोकळेपणाने ठरवता येते? रानडे-भांडारकरांची तक्रार निव्वळ सनातनी नव्हती. ते दोघेही प्रार्थनासमाजाचे होते, हे विसरून चालणार नाही.

हाच प्रश्न १८९६-९७ च्या दुष्काळाने शतपटीने मोठा केला. मध्य प्रांतातील उपासमारीच्या वार्ता ऐकून रमाबाईंना राहवेना. स्वतःच्या भुकेची आठवण हेच त्याचे कारण त्यांनी दिले आहे. त्या तेथे गेल्या. सरकारी अन्नछत्रांची दैना त्यांनी पाहिली आणि तेथे अनाथ मुली कोणाच्या तावडीत सापडतात हेही पाहिले. तेथून त्यांनी सुमारे ३०० स्त्रिया व मुली आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभारून ठेवले. हेच पुढचे मुक्तिसदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. (प्लेगच्या इस्पितळात आपल्या एका मुलीला मिळालेल्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली होती. त्यांना सरकारधार्जिण्या ठरवणाऱ्यांनी हे पत्र पाहावे.)

मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते. शारदा सदनातील तटस्थतेचा करार तेथे नव्हता. मग ही आशा होती की आमिष? विद्यार्थी हे विचारतात आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. अन्नासाठी धर्म बदललेल्यांना समाजाने काय काय नावे ठेवली, ते सर्वांना ठाऊक आहे. उपाशी मुलीच्या होकाराला मोकळा होकार म्हणणे अवघड आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण तोच निकष लावला, तर उपाशी मुलीचा कुठलाच होकार मोकळा नसतो. अन्नछत्रावरील मुकादमाला दिलेला नाही, दलालाला दिलेला नाही आणि नातलगाने ठरवलेल्या विवाहाला दिलेलाही नाही. रमाबाईंच्या टीकाकारांपैकी फार थोडे त्या मुलींच्या शोधात मध्य प्रांतापर्यंत गेले होते. या उत्तराने आक्षेप पुरता मिटतो असा आमचा दावा नाही. आमच्यात याविषयी एकमत नाही, आणि कर्जत-दौंडकडच्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना तर मुळीच राहत नाही.

केडगावला दिल्या गेलेल्या आशेचा पोत मात्र तपासता येतो. तेथे मुली अक्षरे शिकल्या, शेती करू लागल्या, मागावर बसल्या, तेलघाणा चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. अंध स्त्रियांसाठी निराळी व्यवस्था होती. कोणाच्या दयेवर जगावे लागू नये, हा या साऱ्यामागील हेतू होता. काम येत नाही म्हणून रानात मरायला निघालेल्या कुटुंबातील मुलीने हा आश्रम उभारला होता. अनंतशास्त्र्यांच्या घरी पुराणांची कमतरता नव्हती. कमतरता होती ती नांगर धरता येणाऱ्या हातांची. मुक्तिसदनातील प्रार्थनांइतकेच तेथील मागही त्या घराला दिलेले उत्तर आहे, असे आम्ही समजतो. १९०५ मध्ये तेथे झालेल्या धार्मिक जागृतीचे, तासन्‌तास चाललेल्या प्रार्थनांचे व अश्रूंचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. आम्हांला त्या मागांविषयी अधिक वाचायला आवडले असते.

आणि मग भाषा. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि सुमारे अठरा वर्षे त्यावर घालवली. प्रचलित मराठी बायबलाची संस्कृतप्रचुर भाषा आपल्या मुलींना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. जिला संस्कृत मातृभाषेसारखे येत होते, त्या बाईने आपल्या भाषांतरातून संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला काढले! एकेकाळी क्रुसावर संस्कृत अक्षरे हवीत म्हणून भांडणारी रमा ती हीच. यात आम्हांला विसंगती दिसत नाही. लॅटिनपुढे संस्कृत हा तिचा स्वाभिमान होता. केडगावच्या मुलींपुढे तेच संस्कृत म्हणजे कलकत्त्यात हाती आलेले, वाचूनही न बोललेले ते पुस्तक होते. वाङ्मयीन दृष्ट्या हे भाषांतर ओबडधोबड आहे असा शेरा मारला जातो, आणि काही ठिकाणी तो खराही आहे. पण ते ज्यांच्यासाठी केले, त्या वाचकांपैकी बहुतेकींनी पहिले अक्षर केडगावातच गिरवले होते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाईंपुढे भाषांतराची मुद्रिते होती, ती त्या तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे सबंध बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे तिथल्या बायकांनीच जुळवले होते.